दुसरं कडवं कुठं गेलं?

आमच्या घरी टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागली की आई स्वयंपाकघरातूनच ऐकते. पोळ्या लाटताना तिला चेहरे बघायचे नसतात, स्पर्धकाच्या वडिलांच्या डोळ्यांतलं पाणी तर मुळीच नाही. गाणं संपतं, टाळ्या होतात, परीक्षक उभे राहतात, कुणीतरी "अंगावर काटा आला" म्हणतं. आणि आतून आईचा आवाज येतो. तेच गाणं, पुढचं कडवं. टीव्हीने जिथे सोडलं तिथून ती उचलते आणि शेवटपर्यंत नेते. सुराला थोडी घसरते, पण गाणं पुरं करते. मग विचारते, "दुसरं कडवं कुठं गेलं यांचं?"

बरीच वर्षं मी हे वयाचं लक्षण समजत होते. आईची पिढी आकाशवाणीची. ‘आपली आवड’ला पत्र टाकायचं, आपलं गाणं लागण्याची वाट बघायची, लागलं की घरातल्या सगळ्यांना गप्प करायचं. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, आणि त्या सव्वातीन मिनिटांत कवीने, संगीतकाराने आणि गाणाऱ्याने आपलं सगळं बोलून घेतलेलं असायचं. तिच्या लेखी गाणं ही पुरी वस्तू आहे. मला वाटायचं, आता काळ बदलला, दोन मिनिटांत मुखडा आणि एक कडवं ऐकायला मिळतंय हे काय कमी आहे?

पण स्पर्धकांच्या गाण्यांच्या निवडीवर माझ्या स्वतःच्या ज्या तक्रारी साचत गेल्या, त्या सगळ्या फिरून आईच्या या एका प्रश्नापाशीच येतात. कुठलं गाणं निवडायचं हे गाणाऱ्याच्या आवडीवर ठरत नाही. त्या दोन मिनिटांत कुठलं गाणं ‘वाजतं’ त्यावर ठरतं.

आधी त्या वाक्याबद्दल बोलते. "आवाज सुंदर आहे, पण गाण्याची निवड चुकली." परीक्षक हे इतक्या मायेने म्हणतात की ऐकणाऱ्याला ती शिक्षा वाटत नाही. मीही सोफ्यावर बसून हे शेकडो वेळा म्हटलं आहे. कॉलेजात असताना एका स्पर्धेत मला ते ऐकूनही घ्यावं लागलं होतं. वरच्या पट्टीतलं एक अवघड गाणं होतं, अंतऱ्याला आवाज फाटला. परीक्षकांनी हेच वाक्य उच्चारलं, मी मान डोलावली आणि खाली उतरले. गाणं सरांनी दिलेलं होतं. सर दुसऱ्या रांगेत बसले होते, तेही मान डोलावत होते.

टीव्हीवर तरी वेगळं काय असणार? पडद्यामागे न जाताही पडद्यावर दिसतं ते पुरेसं बोलकं असतं. एका भागात आठ-दहा जण गातात, पण कुणा दोघांचं गाणं एक निघत नाही. संथ गाण्यामागून उडतं गाणं येतं, त्यामागून भक्तीचं, मग लावणी, मग आईवरचं. एखादा संगीतकार पाहुणा म्हणून आला की त्या आठवड्यात सगळ्यांना त्याचीच गाणी आवडू लागतात. पुढच्या शुक्रवारी चित्रपट लागणार असेल तर नायक-नायिका सोफ्यावर आणि त्यांचं गाणं मंचावर. वाद्यवृंदाने प्रत्येक गाणं आधी बसवलेलं असतं. गाण्यांचे हक्क कंपन्यांकडे असतात, म्हणजे परवानगीचा आणि पैशाचा हिशेब आलाच. हे सगळं आपोआप जमून येत नाही, कुणीतरी कागदावर मांडलेलं असतं. त्या कागदावर एकोणीस वर्षांच्या मुलीच्या आवडीला किती जागा उरत असेल, याचा अंदाज करायला पडद्यामागे जावं लागत नाही.

मे २०२१ मध्ये ‘इंडियन आयडल’च्या बाराव्या पर्वात किशोरकुमारांच्या गाण्यांचा विशेष भाग झाला. पाहुणे म्हणून त्यांचे चिरंजीव अमितकुमार आले होते. भाग प्रसारित झाल्यावर लोकांनी त्यावर बरीच टीका केली, तेव्हा अमितकुमारांनी मुलाखतीत सांगून टाकलं की तो भाग आपल्यालाही आवडला नव्हता, पण सगळ्यांचं कौतुक करा असं आपल्याला सांगण्यात आलं होतं. मराठी स्पर्धांतही असंच चालतं असा आरोप मी करत नाही. पण पाहुण्याने काय म्हणायचं हे जिथे आधी ठरू शकतं, तिथे स्पर्धकाने काय म्हणायचं हे त्याच्या एकट्याच्या मर्जीवर सोडलं जात असेल, हे माझ्या गळी उतरत नाही. निवड दहा जणांनी मिळून केली असेल, तर चुकल्याचे गुण एकट्याचेच का कापायचे?

आता निवड कशी होते ते बघू. नियमितपणे या स्पर्धा बघणाऱ्याला ‘स्पर्धेचं गाणं’ डोळे मिटूनही ओळखता येतं. सुरुवातीला दबका आलाप, मंचावर अंधार. मग ढोल किंवा संबळ, उजेड. कडव्यात एखादी हरकत, म्हणजे सुरांची छोटी चपळ फिरकी, तिथे परीक्षकाचा हात वर. शेवटी तार सप्तकात लांब ठेवलेला सूर, आणि कॅमेरा आईवडिलांकडे. या साच्यात बसणारी गाणी आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्यातली बरीच उत्तम आहेत, म्हणून तर पंचाईत. अजय गोगावले यांनी ‘लय भारी’मधलं ‘माउली माउली’ २०१४ मध्ये गायलं, तेव्हा ती चाल त्यांच्या स्वतःच्या गळ्याच्या मापाने शिवलेली होती. तो आवाज वर जातो तेव्हा चिरत नाही, पेटतो. पुढे प्रत्येक पर्वात एखादा तरी मुलगा ते माप आपल्या अंगावर चढवून बघतो. काहींना बसतं. बहुतेकांच्या मानेच्या शिरा दिसतात, आणि आपण त्या शिरांनाच दाद देतो.

उंची हा गाण्याचा एक गुण आहे, सगळं गाणं नव्हे, एवढं साधं आपण विसरलोय. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, दोन-चार सुरांच्या परिघात माणसाला धरून ठेवणं जास्त अवघड आहे, कारण तिथे लपायला जागा नसते.

‘कानडा राजा पंढरीचा’ घ्या. १९७० च्या ‘झाला महार पंढरीनाथ’ या चित्रपटातलं गाणं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, आणि गायलंय फडके आणि वसंतराव देशपांडे यांनी मिळून. या गाण्याची सगळी गंमत दोन माणसांत आहे. बाबूजी, म्हणजे फडके, शब्द कागदावर ठेवावा तसा स्वच्छ ठेवतात, वसंतराव तोच शब्द उचलून त्याचं काय काय करतात. एकाचं सरळ चालणं आणि दुसऱ्याचं भटकणं, दोघांची वाट पंढरीचीच. स्पर्धेत हे गाणं एकटा माणूस गातो, तेव्हा बाबूजींचा भाग म्हणजे वसंतरावांपर्यंत पोचायचा बोळ होऊन बसतो. तो भराभर ओलांडायचा आणि तानेपाशी येऊन उभं राहायचं. टाळ्या तानेला पडतात. त्या बोळात खरं तर विठ्ठल उभा होता.

याहून बोलकं उदाहरण ‘घेई छंद मकरंद’चं. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे एकच पद पंडित जितेंद्र अभिषेकींनी दोन चालींत बांधलं. एक नाटकातल्या पंडितजींची, सालगवराळी रागातली, स्वतःत बुडालेली. दुसरी त्यांच्यासमोर उभ्या खाँसाहेबांची, धानी रागातली, चमकणारी, तानांनी भरलेली. शब्द तेच, माणूस वेगळा. दोन घराण्यांचा, गाण्याकडे बघण्याच्या दोन तऱ्हांचा सगळा झगडा त्या दोन चालींत आहे. म्हणजे हे गाणं निवडणाऱ्याला खरं तर आणखी एक निवड करायची असते: कुठलं? मी आजवर ऐकलेल्या स्पर्धकांपैकी जवळजवळ सगळ्यांनी दुसरं निवडलं. पहिलं कुणी गायलंच तर दुसऱ्याची पायरी म्हणून, अर्धा मिनिट. परीक्षकांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, हीच चाल का? निवड चुकली म्हणणाऱ्यांनी निवडीबद्दल एवढी तरी चौकशी करावी.

आणि मग भावगीत. इथे आईचा प्रश्न नेमका लागू पडतो. मंगेश पाडगावकरांचं, यशवंत देवांनी चाल दिलेलं, अरुण दात्यांनी गायलेलं ‘भातुकलीच्या खेळामधली’ सगळ्यांना ठाऊक आहे. ती एक गोष्ट आहे. एका कडव्यात राजा बोलतो, त्याच्या पुढच्या कडव्यात राणी बोलते, मग राजा प्रश्न विचारतो आणि राणीजवळ उत्तर नसतं. टीव्हीवर एकच कडवं गातात. म्हणजे राणी बोलतच नाही! राजाचं प्रेम ऐकून आपण टाळ्या वाजवतो आणि ब्रेक होतो. ज्या गाण्यात डाव अर्ध्यावर मोडतो त्या गाण्याचाच डाव अर्ध्यावर मोडायचा, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

‘गीतरामायण’ही असंच. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ही छप्पन्न गीतं आठवड्याला एक अशी लागत होती. प्रत्येक गीत कुणाच्या तरी तोंडी आहे आणि कुणाला तरी उद्देशून आहे. ‘पराधीन आहे जगती’मध्ये राम भरताची समजूत काढतो. हट्टाला पेटलेल्या धाकट्या भावाची समजूत एका कडव्यात निघत नसते, म्हणून तर गदिमांनी एवढी कडवी लिहिली. राम एकेक दाखला देत जातो, भरत ऐकत नाही, तो आणखी एक देतो. त्यातली दोन कडवी उचलली की उरतो तो सुविचार. शाळेच्या फळ्यावर लिहायला ठीक.

गझलेचं बरं असतं. प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा, दोन गाळले तरी उरलेले मरत नाहीत. स्पर्धांमध्ये गझल टिकून आहे आणि गोष्ट सांगणारं गाणं मागे पडत चाललंय, त्याचं एक कारण हेही असावं असा माझा आपला तर्क.

भावगीतगायक गजानन वाटवे पुण्याच्या चौकाचौकांत गणपतीच्या दिवसांत गायचे आणि माणसं रस्त्यावर बसून कविता ऐकायची. मागे वाद्यवृंद नाही, नाच नाही. टीव्हीवरच्या स्पर्धेत वाटव्यांचं गाणं ऐकल्याचं मला आठवत नाही. संगीतकार वसंत प्रभू आणि कवी पी. सावळाराम या जोडीची गाणी अधूनमधून येतात, तीही ‘सुवर्णकाळ विशेष’ अशा पाटीखाली, भरजरी नऊवारीच्या सेटवर. ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ हे लग्नघरातल्या दाराशी म्हणायचं गाणं. सासरी निघालेल्या मुलीला आई समजावतेय. त्याच्या मागे आठ व्हायोलिनं आणि धुराचं यंत्र लावलं की आई दिसेनाशी होते, नुसता धूर उरतो.

लहान मुलांच्या स्पर्धांबद्दल मात्र थोडं सावकाश बोलायला हवं, कारण तिथे आमच्या घरात दोन तट आहेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने शृंगारिक लावणी म्हटली की नवरा चॅनेल बदलतो. "हिला यातलं काय कळतंय?" त्याचा राग संस्कृतीच्या वाटेने जातो. माझा राग वेगळ्या वाटेने जातो. तिला कळत नाही हे खरंच आहे, पण नाट्यपद म्हणणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला तरी रुक्मिणीची तगमग कुठे कळते? अभंग म्हणणाऱ्याला विरक्ती कुठे कळते? अर्थ कळल्यावरच गायचं म्हटलं तर मुलांनी बडबडगीतांपुढे जायलाच नको. सूर आधी येतो, अर्थ मागून येतो, कित्येकदा तीस वर्षांनी येतो. ‘मोगरा फुलला’ मी सातव्या वर्षी पाठ केलं आणि अजून मला ते पुरतं कळलंय असं वाटत नाही.

मला खटकतं ते हे की त्या मुलीला सूर शिकवलेला नसतो, डोळा मारायला शिकवलेलं असतं. खांदा कुठे उडवायचा, ओठ कुठे मुडपायचा, कंबरेवर हात कुठल्या मात्रेला. आणि दाद नेमकी त्यालाच पडते. लावणीचं नाव घेतलं की सुलोचना चव्हाण आठवतात. आचार्य अत्र्यांनी ज्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं त्या सुलोचनाबाई मंचावर डोक्यावरून पदर घेऊन उभ्या राहायच्या. हात हलत नसे. जो काही नखरा, जी काही ठसठस, ती सगळी शब्द फेकण्यात, एखाद्या अक्षरावर मुद्दाम रेंगाळण्यात. शृंगार गळ्यात होता, त्यामुळे अंगाला काही करावंच लागत नव्हतं. एखाद्या मुलीने लावणी निवडलीच, तर तिला सुलोचनाबाईंची ध्वनिमुद्रिका द्या आणि सांगा, हात बांधून म्हण. मग कळेल निवड बरोबर होती की चूक. नवऱ्याला हे पटत नाही. तो म्हणतो, हात बांधून म्हटली तरी मी चॅनेल बदलणार. बदलू दे.

नकलेचा मुद्दा निघालाच आहे तर परीक्षकांच्या दुसऱ्या एका गोंधळाबद्दलही बोलते. सोमवारी सांगतात, "मूळ गाण्याला धक्का लावू नकोस, त्या चालीत एक जागासुद्धा बदलायची आपली पात्रता नाही." मंगळवारी दुसऱ्याला सांगतात, "हुबेहूब गायलास, पण तुझं काय होतं त्यात?" दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. कुठल्या गाण्याला कुठला सल्ला लागू, एवढंच कुणी सांगत नाही. खळे काकांची, म्हणजे संगीतकार श्रीनिवास खळ्यांची, किंवा हृदयनाथ मंगेशकरांची चाल ही कोरलेली असते. तिथे स्वतःचं घालायला गेलं की टवका उडतो. नाट्यपदाचं तसं नसतं. ते मुळातच गाणाऱ्यासाठी मोकळं सोडलेलं असतं. १९११ च्या ‘मानापमान’मधली पदं गेली शंभर वर्षं प्रत्येक पिढीने आपापल्या गळ्याने वाढवली, वन्स मोअर घेत घेत. तिथे आधीच्या गायकाची तान टिपून आणणं म्हणजे दुसऱ्याची सही गिरवणं. लोकगीत आणखी निराळं, ते तर प्रत्येक गावात बदलतं. गाण्याचा प्रकार निवडताना त्याच्याबरोबर येणारं हे स्वातंत्र्य किंवा बंधनही आपण निवडत असतो. स्पर्धकाला हे कुणी शिकवलं, तर निम्म्या चुका होणारच नाहीत.

नक्कल वाईट नाही. कुमार गंधर्व लहानपणी नक्कलच करत. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेला तो शिवपुत्र मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा म्हणून दाखवायचा, आणि त्यासाठी लोक गर्दी करायचे. आज असता तर एखाद्या वाहिनीने त्याला पहिल्याच भागात डोक्यावर घेतलं असतं. पण त्याला मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला ठेवलं गेलं. पुढे देवासला क्षयाने अंथरुणाला खिळलेला असताना आजूबाजूच्या बायकांची माळव्यातली गाणी त्याच्या कानावर पडत राहिली, आणि उठला तेव्हा वेगळाच गायक होता. नक्कल ही त्याची पहिली यत्ता होती. आपल्या स्पर्धा पहिल्या यत्तेतच पदवीदान समारंभ करतात आणि मग दोन वर्षांनी विचारतात, ते पोरगं हल्ली दिसत नाही ते?

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "अहो, हा टीव्ही आहे. लोकांना हेच हवं असतं. संथ गाणं लावलं की लोक रिमोट उचलतात." हे उत्तर मी बरीच वर्षं निमूट मान्य केलं, कारण आमच्या घरातही रिमोट आहे. पण मग २००८-०९ आठवतं. झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ चालू होतं, पल्लवी जोशी सूत्रसंचालन करत होत्या, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते. त्या वेळी मराठी घरांत जे झालं ते आजच्या स्पर्धा बनवणाऱ्यांनी पुन्हा एकदा नीट बघावं. आळंदीची कार्तिकी गायकवाड अभंग आणि गवळणी म्हणत होती. वारकरी गाण्याच्या घरातली मुलगी, तिचं बोलणं, उभं राहणं, टाळी देणं सगळं तिथलं. रत्नागिरीचा प्रथमेश लघाटे नाट्यपदं म्हणत होता, कोकणातल्या देवळासमोरच्या नाटकांची हवा घेऊन आल्यासारखा. पुण्याची आर्या आंबेकर घरातून आलेली शास्त्रीय बैठक घेऊन आली होती. लातूरचा रोहित राऊत नव्या चालींचा, गिटारचा. अलिबागची मुग्धा वैशंपायन सगळ्यांत धाकटी, तिला तर काहीही म्हणू द्या, लोक ऐकायला तयार. पाच मुलं, पाच गावं आणि पाच वेगवेगळी गाणी. लोकांनी त्यांना ‘पंचरत्न’ केलं, आणि २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात ती पाचही जणं परीक्षकांच्या खुर्चीत येऊन बसली.

त्या पर्वात शंभर वर्षांपूर्वीची पदं ऐकायला लोकांनी आठवड्याचे दिवस मोजले. फेब्रुवारी २००९ मध्ये जिंकली ती गवळण म्हणणारी मुलगी. ‘लोकांना हेच हवं असतं’ म्हणणाऱ्यांनी याचा हिशेब कुठल्या वहीत लिहिलाय? मला दिसतं ते असं की तेव्हा प्रत्येक मुलाचं गाणं त्याच्या घरातून, गावातून, गुरूकडून आलं होतं. गाणं ऐकून मूल कुठून आलं ते कळत होतं. आता मूल कुठून आलं ते कळायला आधी तीन मिनिटांची चित्रफीत दाखवावी लागते: घर, विहीर, वडिलांची रिक्षा, आजीचा हात. आणि एवढं दाखवून झाल्यावर मुलगा मंचावर येऊन तेच गाणं म्हणतो जे गेल्या पर्वात दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या मुलाने म्हटलं होतं. जी गोष्ट गाण्याने सांगायची ती चित्रफितीने सांगितली, आता गाण्याला काम काय?

प्रेक्षक म्हणून आपण यातून सुटत नाही. मतं आपणच देतो, आणि देताना गाण्याला कमी, गावाला जास्त देतो. आमच्या फॅमिली ग्रुपवर "आपल्या तालुक्यातली मुलगी आहे, मत द्या" असा निरोप येतो तेव्हा ती काय गायली हे त्यात कधीच लिहिलेलं नसतं. स्पर्धकांनाही ते कळतं. शेवटच्या आठवड्यात भक्ती, शिवराय आणि आई या तिघांपलीकडे निवड जात नाही, कारण या तिघांना कमी गुण द्यायची परीक्षकाची छाती होत नाही. हा हिशेब वीस वर्षांच्या पोरांना कळत असेल तर त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण त्याला ‘निवड’ असं नाव तरी देऊ नये.

मग करायचं काय? सगळा कार्यक्रम बदला असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. पाहुणे येऊ देत, ढोल वाजू देत, धूरही सोडा. माझं मागणं फक्त एका फेरीपुरतं आहे. पूर्ण पर्वात एकच फेरी अशी ठेवा की जिला विषय नाही, विशेष पाहुणा नाही. स्पर्धकाने स्वतः गाणं निवडायचं, आणि ते का निवडलं ते गाण्याआधी आपल्या शब्दांत सांगायचं. पाठ केलेलं बोलतोय की मनातलं, ते लगेच कळतं. मागे पेटी आणि तबला, लागलं तर टाळ किंवा तुणतुणं. पट्टी त्याची त्याने सांगायची, काळी दोन असो की पांढरी पाच. गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हणायचं, जितकी कडवी असतील तितकी. परीक्षकांनी आधी निवडीवर बोलायचं, मग सुरावर, आणि दोन्हींचे गुण वेगळे द्यायचे. त्या फेरीत कुणी "निवड चुकली" म्हणालं तर मी ते मान खाली घालून ऐकेन, कारण तेव्हा चूक खरोखर गाणाऱ्याची असेल.

वेळ कुठून आणायचा, असं कुणी विचारेल म्हणून मी मागच्या शनिवारी घड्याळ लावून बघितलं. आईने उरलेली सगळी कडवी म्हणून संपवली, पोळ्यांचा डबा झाकला, हात धुऊन बाहेर येऊन बसली, तरी अजून जाहिरातीच चालू होत्या.